सवतीचे आटे

काकूंना त्या ट्रकचा राग होता आणि तो त्यांनी कधी लपवून ठेवला नाही. लग्न होऊन घरात आल्या त्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या होत्या, "मुलगा गुणाचा आहे हो माझा. फक्त त्याची एक बायको आधीच खाणीत उभी आहे, तेवढं सांभाळून घे." तेव्हापासून काकू ट्रकला सवत म्हणायला लागल्या. नवरा उशिरा आला की विचारायच्या, "आज सवतीला ताप होता वाटतं?" रविवारी तो गाडी धुऊन आला की म्हणायच्या, "तिला न्हाऊ घातलंत, आता स्वतःच्या अंगावर पाणी घ्या." हळूहळू शेजारीपाजारीही ट्रकला त्याच नावाने ओळखू लागले.

ट्रक मूळचा लष्कराचा. लष्कराने मोडीत काढल्यावर खाणीच्या मालकाने तो लिलावात घेतला आणि काकूंच्या नवऱ्याच्या ताब्यात दिला. पुढे आलेलं नाकाड, छातीइतकी उंच चाकं, हिरव्या रंगावर चढलेले हिरव्याच रंगाचे थर. नवरा कधी सैन्यात गेला नव्हता. परेड त्याने फक्त शाळेत केली, तीही चक्कर येऊन पडेपर्यंत. पण त्या गाडीमुळे खाणीत सगळे त्याला कॅप्टन म्हणायचे, आणि त्यालाही ते आवडायचं. काकू मात्र त्याला 'अहो'च म्हणत. कॅप्टन फक्त चिडल्यावर.

मग कॅप्टनचे हात थरथरायला लागले. आधी कप बशीवर वाजायचा. मग शर्टाची बटणं काकूंना लावून द्यावी लागली. खाणीच्या मालकाने त्याला घरी बसवलं, पण माणूस दिलदार होता. निरोपाच्या दिवशी म्हणाला, "कॅप्टन, तुझी गाडी तू घेऊन जा. दुसरा कुणी चालवणार नाही तिला." आता काकूंची गल्ली इतकी अरुंद की हातगाडी आली तरी लोकांनी भिंतीला पाठ लावायची. तेव्हा सवत राहिली खाणीच्याच आवारात, शेडखाली. कॅप्टन रोज सकाळी जायचा, तिला पुसायचा, सुरू करायचा, थोडा वेळ आवाज ऐकायचा आणि जेवायला घरी यायचा. दोघी बायकांना असं वाटून दिलेलं होतं त्याने स्वतःला.

पुढे मालक वारला, खाण बंद पडली, जागा विकली गेली. नव्या मालकाने तिथे एक मुकादम नेमला. हा गृहस्थ बोलताना समोरच्या माणसाकडे न बघता त्याच्या खांद्यापलीकडे बघायचा. त्याने आवारात गाड्या ठेवलेल्या सगळ्यांना बोलावून सांगितलं, "जी गाडी स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर जाईल ती न्या. ओढून नेणं नाही, ढकलणं नाही. आणि दारं-पत्रे लटकत असतील तर तशी गाडी मी रस्त्यावर सोडणार नाही. कुणाच्या डोक्यात काही पडलं तर मान माझी अडकेल. शनिवार संध्याकाळपर्यंत मुदत. त्यानंतर जे उरेल ते गॅसने कापायचं."

न्यायची कुठे, हा प्रश्न सुटण्यासारखा होता. रस्त्यापलीकडे लाकडाची वखार होती. वखारवाल्याचे ओंडके सवतीने कितीतरी वर्षं वाहिले होते. तो म्हणाला, "आणून लाव माझ्या मोकळ्या जागेत, कॅप्टन. माझं काय जातंय?" इंजिनाचंही काही दुखणं नव्हतं. दुखणं होतं स्क्रूंचं. सवतीचं सगळं अंग स्क्रू आणि बोल्टांनी जोडलेलं, आणि वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी भोकांमधले आटे झिजून गुळगुळीत झालेले. बोल्ट घालावा तर नुसता फिरत राहायचा, आवळायचं नाव नाही. डावीकडचं दार तारेने बांधलेलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्टीअरिंगचा दांडा डॅशबोर्डखाली ज्या कड्याने धरलेला असतो, ते कडंच सुटलेलं. चाक धरलं की अख्खा दांडा वीतभर इकडेतिकडे झुलायचा.

हे सगळं ऐकून काकूंना आधी बरंच वाटलं. सुंठीवाचून खोकला जात होता.

"शनिवारनंतर दुपारी झोपायला तरी शिका," त्या म्हणाल्या.

कॅप्टनने माळ्यावरची अवजारांची पेटी खाली काढायला लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबाही न घेता निघून गेला.

डबा घेऊन दुपारी काकू आवारात पोचल्या तेव्हा कॅप्टन सवतीच्या पोटात शिरला होता. केबिनमधून फक्त पाय बाहेर दिसत होते. कड्याची जवळजवळ सगळी भोकं त्याने मोठी करून, त्यांत नवे आटे पाडून, जाड बोल्ट बसवले होते. एकच भोक राहिलं होतं. शेडच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा मुलगा उभा होता. शहरातल्या एका शोरूममध्ये तो नव्या कोऱ्या मोटारी विकायचा. त्याच्याबरोबर एक भंगारवाला आला होता. डोळ्यांनीच गाडी तोलत तो तिच्याभोवती फिरत होता.

"याला कशाला आणलंस?" काकूंनी मुलाला विचारलं.

"आई, शनिवारी ते कापणारच आहेत. त्यापेक्षा आपणच देऊन टाकलेली बरी नाही का? बाबांना सांगून बघितलं, ते ऐकत नाहीत. त्या दिवशी हात भाजून घेतला. उद्या बोट जाईल."

खोटं नव्हतं ते. काकू उत्तर देणार तेवढ्यात केबिनमधून 'कट्' असा आवाज आला. मग कॅप्टन हळूहळू बाहेर सरकला. त्याच्या हातात टॅपचं अर्धं तोंड होतं. टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं पोलादी अवजार. ते सरळ आणि शांत हाताने फिरवावं लागतं. याचा हात थरथरला, टॅप कलला आणि मोडला. उरलेला अर्धा भोकात घट्ट रुतून बसला होता.

कॅप्टन गाडीच्या पायरीवर बसला आणि आपल्या हातांकडे बघत राहिला.

भंगारवाल्याला वाटलं, वातावरण हलकं करावं. तो हसत म्हणाला, "जाऊ द्या हो काका. गाडी काय आणि मालक काय, दोघांचेही आटे गेलेत."

आणि मुलगा हसला. जोरात नाही, नुसतं नाकातून, जसं माणूस नको असताना हसून जातो तसं. लगेच त्याने तोंड फिरवलं. पण काकूंनी ते पाहिलं होतं, आणि कॅप्टननेही.

काकूंनी डबा खाली ठेवला.

"तुम्ही निघा," त्या भंगारवाल्याला म्हणाल्या.

"अहो काकू, मी मस्करी..."

"मस्करी कळते मला. निघा. शनिवारीही येऊ नका. गाडी इथे नसेल."

भंगारवाला मुलाकडे बघायला लागला. मुलगा म्हणाला, "आई, तूच तर म्हणायचीस ना, ही बला एकदा जाऊ दे?"

"मी म्हणेन. माझी सवत आहे, मी तिला शिव्या घालीन नाहीतर ओवाळीन. परक्या माणसाने माझ्या नवऱ्याला भंगारात काढलं आणि तू हसलास. आता तूही निघ. जेवायला ये घरी, पण आत्ता निघ."

दोघं गेले. मुलाची मोटार फाटकाबाहेर पडेपर्यंत काकू तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी पदर खोचला आणि विचारलं, "हा तुकडा काढायचा कसा?"

"निघत नाही तो," कॅप्टन म्हणाला.

"कसा काढतात ते विचारलं मी. निघतो का ते नाही विचारलं."

कॅप्टनने मान वर केली. "टॅप फार कडक असतो. म्हणूनच ठिसूळ असतो. बारीक छिन्नीने टिचक्या मारून तुकडे करायचे आणि एकेक वेचून काढायचा. पण त्याला हात पाहिजे."

"हात आहेत की," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी आपले दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. गिऱ्हाइकांचे कपडे शिवत आयुष्यभर सुईत दोरा ओवलेले हात.

"तुझं काम नाही ते. हे काय ब्लाउजचं हुक आहे?"

"ब्लाउज असतं तर इतकी वर्षं असं लटकत ठेवलं नसतं मी! सरका, कॅप्टन."

केबिनच्या तळाच्या पत्र्यावर उताणं झोपून, डोक्याखाली जुनं पोतं घेऊन, काकूंनी ती दुपार काढली. तोंडावर गंजाचा भुगा पडायचा. पोलादाचे कण पिशवीतल्या शिवणाच्या चिमट्याने त्या वेचायच्या आणि कॅप्टनने धरलेल्या वाटीत टाकायच्या. त्याच्या हातातली वाटी सारखी किणकिणत होती. मध्येच एक कण डोळ्याखाली लागला तेव्हा त्यांनी सवतीला अशी एक शिवी घातली की कॅप्टन चकित होऊन म्हणाला, "ही कुठे शिकलीस?"

"तुम्हीच द्यायचात झोपेत."

उन्हं उतरता उतरता शेवटचा तुकडा निघाला. पण भोकाची पार चाळण झाली होती. काठ फाटलेले, आत आटा म्हणून काही उरलेलं नाही. कॅप्टन आत वाकून बघत म्हणाला, "आता यात काही पाडण्यात अर्थ नाही. मागून नवी जाड पट्टी लावायची, तिच्यात भोकं पाडायची आणि आटेही तिच्यातच. जुन्या लोखंडावर भार द्यायचाच नाही."

"म्हणजे बटणाखालचं कापड फाटलं की आतून ठिगळ देतो तसं."

"तेच तर सांगतोय मघापासून!" कॅप्टन वैतागला. पण या वैतागात जीव होता. दुपारपासून तो पहिल्यांदाच नीट बोलत होता.

दाराचंही हेच दुखणं निघालं. ज्या खांबाला दाराच्या बिजागऱ्या, त्याच्या आत एक लोखंडी पट्टी असते आणि बोल्ट त्या पट्टीत आवळतात. ती पट्टी कॅप्टनने पूर्वी एकदा दुरुस्त केली होती, भोकं एक माप वाढवून. आता आणखी वाढवायला लोखंडच शिल्लक नव्हतं. तिथेही नवी पट्टी हवी होती. वखारवाल्याने आपल्या मोडक्या गाड्यातून जाड पट्टी काढून दिली, आपल्याकडचं ड्रिल दिलं आणि रस्त्यावरून वायर ओढून वीजही दिली. मुकादमाने वायरकडे बघून भुवई उंचावली. "वीज माझी, पोटात तुझ्या का दुखतंय?" वखारवाला पलीकडून ओरडला.

काकूंनी जुनी पट्टी नवीवर ठेवून शिवणाच्या खडूने भोकांच्या खुणा केल्या. ड्रिल हातात घेतलं तेव्हा ते त्यांच्याच अंगावर उसळलं. दुसऱ्यांदा त्यांनी त्याला दाबून धरलं. भोकं पडली. मग पेटीतला दुसरा टॅप.

"तेल सोड," कॅप्टन सांगायचा. "अर्धा वेढा पुढे. आता पाव मागे. मागे घेतलं नाहीस तर कीस अडकतो आणि टॅप मोडतो. पुढे. मागे. घाई करू नकोस!"

"घाई कोण करतंय? तुम्हीच ओरडताय."

पहिली पट्टी वाया गेली. टॅप जरासा तिरका शिरला आणि बोल्ट वेड्या दातासारखा बाहेर आला. कॅप्टन म्हणाला, चालेल, वॉशर देऊन भागवू. काकूंनी पट्टी उचलून कोपऱ्यात फेकली. "भागवून भागवूनच ही वेळ आली आहे. दुसरी द्या."

रोज संध्याकाळी त्या घरी यायच्या तेव्हा नखांत काळं तेल असायचं. गिऱ्हाइकांची कापडं तशीच पडून होती. एक बाई ब्लाउज मागायला आली तर काकू म्हणाल्या, "सवतीचं बाळंतपण चाललंय, पुढच्या आठवड्यात या." मुलगा जेवायला आला. जाताना त्याने दारातच विचारलं, "आई, ही गाडी बाहेर काढून करणार काय आहात तुम्ही?"

"उभी करणार."

"आणि?"

"आणि काय? ती उभी राहील. ते काय कमी आहे?"

शनिवारी दुपारपर्यंत स्टीअरिंगचं कडं पक्कं झालं. कॅप्टनने चाक धरून सगळ्या अंगाने हिसके दिले. दांडा जागचा हलला नाही. मग दोघांनी मिळून डावं दार उचललं, बिजागऱ्या खांबाला लावल्या आणि काकूंनी एकामागून एक बोल्ट आवळत आणले. प्रत्येक बोल्ट आधी सहज फिरायचा, मग जड व्हायचा, मग थांबायचा. तो थांबायचा तेव्हा त्यांच्या मनगटात कसलंतरी समाधान उतरायचं. दाराला टेकवलेला हात काढायला मात्र त्या धजत नव्हत्या.

"सोड," कॅप्टन म्हणाला.

त्यांनी सोडलं. दार जिथल्या तिथे राहिलं.

तेवढ्यात फाटकातून मुकादम आला. मागे दोन माणसं गॅसची टाकी लोटत आणत होती.

"आवरा आता," मुकादम काकूंच्या खांद्यापलीकडे बघत म्हणाला. "कापणारे आत्ताच मोकळे आहेत. संध्याकाळी यांना दुसरीकडे जायचंय."

"संध्याकाळ म्हणाला होतात. सूर्य बघा कुठे आहे."

"काकू, तासाभराने काय फरक पडतो? ही गाडी काय रस्त्यावर जायच्या लायकीची आहे? दार तर नुसतं टेकवलेलं दिसतंय. हात लावला की हातात येईल."

काकूंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, दार उघडलं, पायरीवर पाय ठेवून वर चढल्या आणि आत बसून दार धाडकन लावून घेतलं. इतक्या वर्षांत त्या केबिनच्या सीटवर त्या पहिल्यांदाच बसत होत्या. खाणीत बायकांना गाडीत बसायला बंदी होती, आणि पुढे बंदी उठली तेव्हा दार तारेने बांधलेलं होतं.

"घ्या हातात," त्या खिडकीतून म्हणाल्या.

मुकादम कसनुसा हसला. पण त्याची माणसं बघत होती, वखारीतले लोक कुंपणाशी येऊन उभे होते. त्याने दाराची मूठ धरून ओढली. मग दोन्ही हातांनी धरून, पाय पायरीला लावून ओढली. काकूंनी आतून कडी लावली होती. गाडी स्प्रिंगांवर डुलली, दार जागचं हललं नाही. टाकीवाल्यांपैकी एकजण त्याच्या मदतीला आला. दोघांनी मिळून हिसका दिला. मूठ मुकादमाच्या हातून सुटली आणि तो मागच्या मागे टाकीवर जाऊन आदळला.

कुंपणाशी कुणीतरी शिट्टी वाजवली.

"आता पहिल्यांदा बघितलंत माझ्याकडे," काकू म्हणाल्या. "मघापासून मागे कोण उभं आहे तेच बघत होतात. अहो, चढा तिकडून. आपण निघतोय."

कॅप्टन पलीकडच्या दाराने चढला आणि त्याने स्टीअरिंगवर हात ठेवले. हात थरथरत होते. "पाय ठीक आहेत माझे," तो हळूच म्हणाला. "क्लच, ब्रेक, सगळं जमेल. पण चाक... रस्ता ओलांडायचा आहे. मधेच हात सुटला तर?"

"चाक मी धरते. तुम्ही फक्त सांगा किती फिरवायचं."

"असं कुणी गाडी चालवतं का?"

"आपण."

त्या सीटवर त्याच्याकडे सरकल्या. एक हात त्याच्या हातावर ठेवला, दुसरा चाकाच्या वरच्या कडेवर. त्याने बटण दाबलं. सवत खोकली, थरथरली आणि घुमायला लागली. दोघांनी मिळून गिअरचा दांडा सगळ्यात खालच्या गिअरमध्ये ढकलला. या गिअरमध्ये ती पायी चालणाऱ्या माणसाच्या गतीने, पण डोंगर आडवा आला तरी जाणारी. कॅप्टनने क्लच सोडला आणि ट्रक शेडबाहेर उन्हात आला.

टाकीवाल्यांनी टाकी घाईघाईने बाजूला घेतली. मुकादम फाटकापुढे येऊन हात पसरून उभा राहिला. "लायसन कुणाकडे आहे? चालवतंय कोण?"

"दोघं!" काकू ओरडल्या. "तुम्ही म्हणालात स्वतःच्या चाकांवर. चाकं तिची आहेत. सरका!"

सवत तशीच चालत राहिली. तिचं नाकाड मुकादमाच्या छातीशी येऊ लागलं तेव्हा कॅप्टनचा पाय ब्रेककडे गेला. पण त्याची गरज पडली नाही. मुकादम आपणहून बाजूला झाला, आणि त्या गडबडीत कुंपणाच्या तारेत शर्ट अडकवून बसला.

रस्त्यावर मात्र काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. दोन्हीकडून गाड्या येत होत्या. बस होती, टेम्पो होता, हॉर्न वाजत होते. "थांबू का?" कॅप्टनने विचारलं. त्या उत्तर देणार तोच एक मोटार करकचून रस्त्यात आडवी थांबली आणि तिच्यातून मुलगा उतरला. शोरूमचे कपडे, गळ्यात टाय. त्याने बसपुढे उभं राहून हात वर केला आणि बसवाल्यावर असा खेकसला की काकूंनी आयुष्यात त्याचा तेवढा आवाज ऐकला नव्हता. "थांबा म्हणतोय ना! ट्रक जातोय, दिसत नाही?" मग केबिनकडे वळून, तितक्याच रागाने, "चला की आता! दोघंही वेडे आहात, पण चला!"

"उजवीकडे घे," कॅप्टन म्हणाला. "अजून. आता सोड. सरळ. सरळ येऊ दे."

काकूंचे आणि त्याचे, चारही हात चाकावर होते. दांडा घट्ट होता, कुठेही झुलत नव्हता. पुढची चाकं रस्त्याच्या कडेवरून वखारीच्या मातीत उतरली तेव्हा सगळी गाडी कण्हली. डावं दार हादरलं, पण त्याने बोल्ट सोडला नाही. ओंडक्यांच्या ढिगापाशी कॅप्टनने इंजिन बंद केलं.

काकूंनी लगेच हात काढले नाहीत. कॅप्टनचे हात त्यांच्या तळव्यांखाली अजून थरथरत होते.

पलीकडे फाटकात मुकादम तारेतून शर्ट सोडवत ओरडत होता, "पुन्हा आत आणायची नाही हां ती! पुन्हा आत नाही!"

"आणणार कोण?" काकू खिडकीतून म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "अहो, पुढच्या काचेची चौकट खडखडतेय. तिचेही आटे गेलेत ना?"

"पार गेलेत," कॅप्टन म्हणाला. "आणि तळाच्या पत्र्याचे. आणि मागच्या फळीचे."

"मग सोमवारी लवकर निघू. टॅप नवा आणायला लागेल," काकू म्हणाल्या, आणि रस्त्यात अजून हात वर करून उभ्या असलेल्या मुलाला त्यांनी हाक मारली, "अरे, पोचलो आम्ही! सोड आता त्या बसला, लोक खोळंबलेत!"